आधी पोट, मग पंक्चर

पोलादपुरात हायवे सोडून महाबळेश्वरचा रस्ता जिथं फुटतो, तिथं नथूकाका सकपाळांचं पंक्चरचं दुकान होतं. चाक खोलण्याआधी काका गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लावत नसत. प्रश्न गाडीबद्दल नसे.

“सकाळी साफ झाली का?”

गिऱ्हाईक बहुधा ट्रक ड्रायव्हर. घाट उतरून तापलेला, मालक मुंबईत वाट बघत असलेला, आणि वरून हा प्रश्न.

“ओ मामा, पंक्चर टायर झालंय, मी नव्हं,” असं एकदा एक कोल्हापूरकडचा ड्रायव्हर म्हणाला होता.

“हितं दोघांची तपासणी होते,” काका शांतपणे म्हणाले. “गाडीला सहा चाकं हायत. एक बसलं तर पाच राहतात, वर स्टेपनी हाय. तुला मोठं आतडं एकच. त्याला स्टेपनी नाय. बोल, झाली का?”

“झाली थोडी.”

“थोडी म्हंजे नाय झाली. किती तास झाले गाडीवर बसून? पाणी कधी प्यायलास? मधी लागली होती तर थांबलास काय, का दाबून ठेवलीस?”

ड्रायव्हरनं खाली मान घातली. सहा फुटांचा, मिशीवाला माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा. काकांनी माठातलं पाणी तांब्याभर दिलं, त्यानं ते उभ्या उभ्या संपवलं, आणि मगच जॅक लागला. दुकानात पाण्याची दोन भांडी होती. एक घमेलं, त्यात ट्यूब बुडवून भोक शोधायचं. दुसरा माठ. “हे पाणी भोक शोधायला, आणि ते भोक पडू नये म्हणून,” असं काका सांगत. दुकानाबाहेर एका झिजलेल्या टायरवर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं : आधी पोट, मग पंक्चर.

गावानं त्यांना आतडेबुवा हे नाव ठेवलं होतं. काकांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी तेव्हा महाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि जगातल्या सगळ्या अन्यायांची मला माहिती होती. त्याला कारण आमचं घर. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक, सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे, आणि शाळा सुटली की ते चळवळीचे. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे होते. धरणग्रस्तांचे, रेशनचे, अंधश्रद्धेविरुद्धचे, कारखान्यांनी नदीत सोडलेल्या पाण्याचे. मला अक्षरओळख झाली तीच पत्रकांवरून, मी वाचलेला पहिला शब्द ‘जाहीर’ असावा. त्यामुळे देश कुठल्या दिशेला चाललाय याची आम्हाला काळजी असताना हा एक माणूस हायवेवर बसून लोकांच्या आतड्यांची चौकशी करतो, याचा मला मनापासून संताप येई. खाजगी प्रश्नाला सार्वजनिक करणं ही प्रतिगामी वृत्ती आहे, असं मी एकदा बाबांना सुनावलंही होतं. बाबा म्हणाले होते, “सार्वजनिक प्रश्नाला खाजगी करण्यापेक्षा बरं.” मी ते उत्तर टाळाटाळीचं आहे असं ठरवून टाकलं.

काकांचं व्याख्यान ठरलेलं होतं. सायकलची एक जुनी ट्यूब भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली असे, ती काढायची, पंप लावायचा, आणि हवा भरायला सुरुवात.

“ही ट्यूब म्हंजे तुझं मोठं आतडं. बघ, सगळीकडं सारखी फुगत नाय. रबर जिथं पातळ झालंय तिथं फुगा येतो. हा एक, हा दुसरा. वय झालं की पुष्कळांना असे फुगे येतात, त्यांना कळत पन नाय. फुगा हाय म्हनून मानूस मरत नाय. पन त्या फुग्यात घाण अडकून बसली, सूज आली, की पोटाच्या खालच्या बाजूला दुखतं, डावीकडं बहुत करून. ताप येतो. तेव्हा जर हवा मारत राहिलास...”

इथं ते थांबत, वॉल्व्ह काढत, आणि ट्यूब फुस्स करून खिळ्याला लावत.

“या रोगाला म्हंतात डायव्हर्टिक्युलायटिस.”

काका चौथी शिकलेले. ‘अ‍ॅक्सिलेटर’ म्हणताना त्यांची जीभ दोनदा घसरायची. पण हा शब्द ते न अडखळता घेत, जवळच्या सोयऱ्याचं नाव घ्यावं तसा.

पुढचा भाग नियमांचा. पाणी प्या. बसून राहू नका, चाला. कुंथू नका. लागली की जा, मग समोर आमदार उभा असला तरी. आणि चोथा खा. चोथ्यावर काकांचं प्रेम होतं. नाचणीची भाकरी, वाल, कुळीथ, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा. “आपल्या आज्यांनी कधी डाक्टर बघितला नाय, कारण त्या टाकळा खायच्या,” हे त्यांचं इतिहासाचं आकलन होतं. शत्रू एकच, मैदा. समोरच्या हॉटेलात कुणी चहात खारी बुडवताना दिसलं, तर ते इकडून ओरडत, “खा, खा! आतून पंक्चरचं सोल्युशन लाव!” हॉटेलवाल्यानं त्यांच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता. मग त्याला स्वतःला मूळव्याध झाली आणि अबोला सुटला.

एकदा बाबांनी त्यांना शाळेत बोलावलं. ‘पोटाची निगा’ असा विषय फळ्यावर लिहिला होता. काकांनी धुतलेला सदरा घातलेला, ट्यूब आणि पंप पिशवीत. मुलं खूश. हवा भरत गेली, एका जागी लिंबाएवढा फुगा आला, पेरूएवढा झाला, रबर पारदर्शक दिसायला लागलं आणि सगळा वर्ग ओरडू लागला, “फोडा! फोडा!” काकांचा हात थांबला. त्यांनी वॉल्व्ह काढला, ट्यूब गुंडाळली आणि चहाला न थांबता निघून गेले. बाबा म्हणाले, लाजला असेल. दुसऱ्या दिवशी मात्र पालकांच्या तक्रारी आल्या. मुलं घरोघरी बापाला प्रश्न विचारत होती.

बाबांना काका रोज विचारत. आमचं घर त्यांच्या दुकानाच्या वाटेवर, खिडकी हायवेला. सकाळी सातला बरोब्बर खिडकीशी आवाज येई, “गुरुजी, साफ झाली का?” आणि बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणत, “झाली, नथू.” हा सवाल-जवाब इतका ठरलेला होता की आई त्यावर कुकरची शिट्टी मोजायची.

आता मी ज्या गोष्टीवरून त्यांच्याशी भांडले ती सांगते.

दुकानाच्या मागं काकांनी एक संडास बांधला होता. पंक्चरच्या दुकानामागचा संडास म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं तिथं काही नव्हतं. पांढऱ्या फरशा, नळाला पाणी, पिशवी अडकवायला हूक, आरसा, आणि दाराला आतून दोन कड्या. बाहेर कुलूप. किल्लीला लाल ट्यूबचा तुकडा बांधलेला. हा संडास फक्त बायकांसाठी होता. पुरुष कितीही घाईत असो, त्याला काका समोरच्या हॉटेलाचा रस्ता दाखवत. एका पुढाऱ्याला त्यांनी परत पाठवलं होतं. तो म्हणाला, “मला ओळखत नाहीस काय?” काका म्हणाले, “वळखतो. बाई नाय तू.”

बाई आली की काका काहीच विचारत नसत. नजर जमिनीकडं, किल्ली लाकडी पेटीवर ठेवायची, आणि पाठ फिरवून टायर ठोकायला लागायचं. मुंबईहून महाबळेश्वरला निघालेलं एक नवं जोडपं मला आठवतं. नवऱ्याला सगळी प्रश्नावली झाली, नव्या बायकोच्या देखत. तो बिचारा कानापर्यंत लाल. आणि बायकोसमोर नुसती किल्ली. ती इतकं हसली की डोळ्यांतून पाणी आलं, पण किल्ली घेतली, आणि परत आल्यावर तिनं वाकून नमस्कार केला. काकांनी तोही जमिनीकडं बघूनच घेतला.

मला यात उघड भेदभाव दिसला. एकदा माझ्या सायकलचं पंक्चर काढायला गेले असताना मी तोंड उघडलंच.

“काका, बायकांना आतडी नसतात का?”

दुकानात दोन ड्रायव्हर बसले होते. दोघांनी एकदम बाहेर बघितलं.

“असं का बोलतेस गो?”

“मग त्यांना का विचारत नाही? पुरुषांच्या पोटाची काळजी आणि बायकांना नुसती किल्ली! निम्म्या समाजाचं आरोग्य तुमच्या लेखी गुप्त ठेवायची गोष्ट आहे. हे, काका, तुमच्यासारख्या माणसाला शोभत नाही.”

मी हे वाक्य आधी पाठ केलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. काकांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले नाहीत. घासणीनं ट्यूब घासत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग ठिगळ लावलं, चाक बसवलं, आणि लाल तुकड्याची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

“मला नको आहे ती.”

“असूं दे,” ते म्हणाले. “लागंल तेव्हा घे.”

मी तत्त्वाचा विजय झाल्यासारखी घरी आले.

त्या वर्षी बाबा एका वाडीच्या पाण्यासाठी सोमवारपासून उपोषणाला बसणार होते. पत्रक मी लिहिलं होतं, ‘आता माघार नाही’ असं मथळ्यात. वाटूनही झालं होतं. नथूकाकांनी ते वाचून आक्षेप घेतला होता. मागणीला त्यांचा विरोध नव्हता, उपाशी राहण्याला होता. “गुरुजी, टाकी मागा, पाइप मागा, पन आतड्याला कशाला वेठीला धरता?”

गुरुवारपासून बाबांच्या पोटात दुखत होतं, हे आम्हाला शनिवारी सकाळी कळलं. अंथरुणात वाकून बसले होते, कपाळ गरम. “गॅस आहे,” म्हणाले. आई डॉक्टरचं नाव काढायला लागली तर म्हणाले, “आत्ता दवाखान्यात गेलो तर लोक म्हणतील, उपोषणाच्या आधीच गुरुजी आडवे झाले. सोमवार होऊ दे.” मथळा माझाच होता, त्यामुळं मी काय बोलणार?

आईनं मग आमच्याकडं घरोघरी करतात तेच केलं. बेंबी सरकली असणार, म्हणाली. हा इलाज आमच्या खोऱ्यात ज्याला माहीत नाही असा माणूस नसेल. कणकेचा चिमुकला दिवा करायचा, आडव्या झालेल्या माणसाच्या बेंबीवर ठेवायचा, वात पेटवायची आणि वर पेला उपडा घालायचा. दिवा विझतो, पेला पोटाला घट्ट धरतो, कातडी आत ओढली जाते आणि सरकलेली बेंबी म्हणे जागेवर येते. त्यानंतर पोट चोळायचं, आणि वर एरंडेल. सगळं धुऊन निघतं.

अंधश्रद्धेविरुद्ध आठ पानी पत्रक लिहिलेले माझे वडील सदरा वर करून पाटावर आडवे झाले. एक शब्द बोलले नाहीत, त्यावरून त्यांना किती दुखत होतं ते मला कळायला हवं होतं. दिवा आईनं ठेवला. काडी मी ओढली. ते आठ पानी पत्रक मीच शुद्धलेखन तपासून दिलं होतं, हेही नोंदवून ठेवते.

पेला पोटाला चिकटला. एरंडेलाची वाटी बाजूला तयार होती. सात वाजले.

“गुरुजी, साफ झाली का?”

उत्तर नाही.

“गुरुजी?”

काकांनी गजांतून आत पाहिलं. पुढच्या क्षणी ते घरात होते, चपलांसकट. हा माणूस आमच्या उंबऱ्याशी चप्पल काढून, पाय झटकूनच आत यायचा. त्यांनी बाबांच्या पोटावरचा तापलेला पेला उघड्या हातानं उपटला, टक् असा आवाज झाला. एरंडेलाची वाटी उचलली आणि खिडकीतून जास्वंदीवर ओतली.

“अहो भावजी, हे काय!” आई ओरडली.

“वहिनी, बाटलीत अजून हाय काय? ती पन द्या हिकडं. पोटाला हात लावू नका कुनी. गुरुजी, कुठं दुखतंय? एक बोट ठेवा.”

बाबांनी बोट ठेवलं. बेंबीच्या खाली, डावीकडं.

“किती दिस?”

“तीन.”

काकांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रबर ताणून पारदर्शक होतं ना, तसा.

“उठा. महाड.”

“नथू, सोमवारी उपोषण...”

“आतडं फुटलं तर उपोषन कायमचंच हाय, गुरुजी. उठा.”

“काका,” मी म्हटलं, “आधी दुपारपर्यंत बघू या का? गॅस असेल तर...”

ते माझ्याकडं वळले. “मी पन दुपारपरत बघितलं होतं,” एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

मी खिडकीतून बघते तो काका हायवेच्या मधोमध हात पसरून उभे. पहिली आलेली जीप करकचून थांबली. ड्रायव्हर ओळखीचा होता. काकांनी तोंड उघडायच्या आत तो घाबरून ओरडला, “झाली काका, झाली! शपथ, सकाळीच झाली!”

“तुझी नाय विचारत. गुरुजींना महाडला घे.”

महाडला एका सर्जनच्या लहानशा दवाखान्यात बाबांना आत घेतलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, सलाइन लागलं. वयस्कर डॉक्टर बाहेर येऊन आई आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“मोठ्या आतड्याला पिशव्या झाल्या आहेत, त्यातली एक सुजली आहे. फुटलेली नाही. औषधांनी उतरेल असं दिसतंय, बहुतेक कापावं लागणार नाही. पोट चोळलंत का? जुलाबाचं काही दिलंत?”

“द्यायच्या बेतात होतो,” आई म्हणाली.

“दिलं असतं तर हे मी इतक्या शांतपणे सांगत नसतो.” मग त्यांची नजर व्हरांड्यात गेली. काका तिथं भिंतीला टेकून उभे होते, भाजलेला तळहात पाण्यात भिजवलेल्या रुमालात गुंडाळलेला. डॉक्टर त्यांच्याकडं बघत राहिले. चेहरा आठवायला त्यांना जरा वेळ लागला.

“या वेळी वेळेत आणलंत, काका,” ते म्हणाले.

काकांनी मान हलवली, जमिनीकडं बघून.

दुसऱ्या दिवशी काका फडक्यात चार नाचणीच्या भाकऱ्या आणि वालाची उसळ घेऊन हजर. विजयी मुद्रा. डॉक्टरांनी फडकं उघडून बघितलं आणि परत बांधलं. “आत्ता नाही. आत्ता फक्त पातळ. आतड्याला विश्रांती हवी. बरं वाटल्यावर हळूहळू चोथा वाढवायचा, मग आयुष्यभर खा भाकरी. आणि दीड-दोन महिन्यांनी मुंबईला नेऊन दुर्बिणीतून आतडं तपासून घ्यायचं.”

चोथा नको! काकांच्या धर्मग्रंथातलं पहिलंच पान फाडल्यासारखं झालं. ते बाकावर जाऊन बसले, फडकं मांडीवर. मी शेजारी बसले. पाच मिनिटं गेली. मग त्यांचा चेहरा उजळला.

“बरोबर हाय गो डाक्टरांचं. सोल्युशन लावल्यावर लगेच हवा भरतात काय? आधी सुकाय नको?” आणि त्यांनी एक भाकरी मोडून अर्धी मला दिली. “आपन खाऊ. आपलं सुकलेलं हाय.”

आम्ही भाकरी खाल्ली. मग मी विचारलं, “काका, डॉक्टर ‘या वेळी’ का म्हणाले?”

त्यांनी मांडीवरचे भाकरीचे कण झाडले.

“माझी बायको,” ते म्हणाले. “हितंच आनली होती. ह्याच डाक्टरकडं.”

काकांची बायको पूर्वीच वारली एवढं गावाला माहीत होतं. त्यांची वाडी वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. दुकान खाली, घर वर, तेव्हा ते रोज चढून जात.

“वाडीत संडास नव्हता. कुनाकडंच नव्हता. पुरुष काय, कुठं पन जातो. बायांनी पहाटं काळोखात जायचं, नायतर तिन्हीसांज झाल्यावर. मधी लागली तर दाबायची. पानी कमी प्यायची ती, जायला लागू नये म्हनून. उभा जन्म. मला माहीत नव्हतं काय? माहीत होतं. सगळ्यांच्या बाया तशाच करायच्या.”

“मग?” मी विचारलं.

“मग दुखायला लागलं. गॅस हाय म्हनाली. मी म्हटलं बेंबी सरकली. दिवा मी लावला. पेला मी ठेवला. एरंडेल दिलं, माझ्या हातानं, दोनदा. चोळलं पन. दुपारपरत बघू म्हटलं. मग डोलीत घालून खाली आनली. डाक्टर म्हनाले, फुटलं आतल्या आत. नाव सांगितलं रोगाचं. मी कागदावर लिवून मागितलं. पाठ केलं.”

समोरून एक नर्स गेली. काकांनी फडक्याच्या घड्या केल्या, उलगडल्या, परत केल्या.

“फुगा आलेली ट्यूब मी लांबून वळखतो गो. गाडी थांबायच्या आधी सांगतो, कुठलं चाक जानार ते. आनि ही माझ्या शेजारी निजत होती. बारा वरसं. कधी विचारलं नाय, बाई, तुझी होते काय नीट. नवऱ्यानं बायकोला असलं विचारायचं असतं काय? लाज वाटायची.” त्यांनी भाजलेल्या हाताकडं बघितलं. “आता येईल त्याला विचारतो. लाज गेली. पन बाई समोर आली, की अजून तोंड उघडत नाय. म्हनून मग किल्ली.”

दुकानात मी म्हटलेलं पाठ केलेलं वाक्य मला सबंध आठवलं, स्वल्पविरामासकट.

बाबा आठवड्यानं घरी आले. उपोषण पुढं गेलं. मी मथळ्याची काळजी करत होते, तर आई म्हणाली, “सोमवार दर आठवड्याला येतो.” अंगात बळ आल्यावर बाबा मंडपात बसले, साखळी उपोषणाला, आणि आपली पाळी त्यांनी पाणी पीत काढली. काका तांब्या भरून देत होते आणि घोट मोजत होते.

माळ्यावरचे सगळे गठ्ठे मी त्या सुट्टीत खाली काढले. दोन दिवस चाळले. जगातल्या एकूण एक अन्यायावर आमच्या घरात पत्रक होतं. दिवसभर दाबून ठेवणाऱ्या बायकांवर एक ओळ नव्हती. बाबांनी लिहिलेली नव्हती, मीही लिहिलेली नव्हती, आणि आमच्या घरात दोन बायका होत्या.

मी लिहायला बसले. मजकूर काकांना वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, “चांगलं हाय. तिचं नाव नको घालूस. तिला आवडायचं नाय.” म्हणून ते त्या पत्रकात नाही, आणि इथंही नाही.

पत्रकं छापून आली त्या दिवशी गठ्ठा कॅरियरला लावून मी निघाले आणि काकांच्या दुकानाच्या अलीकडंच मागचं चाक बसलं. काकांनी चाक खोललं, भोक शोधलं, घासलं, सोल्युशन लावलं, सुकू दिलं, ठिगळ दाबलं.

“गुरुजींची झाली काय आज?”

“झाली. दोन तांबे पाणी पण झालं.”

“बरं.” त्यांनी किल्ली पेटीवर ठेवली आणि पाठ फिरवली.

मी किल्ली उचलली, जाऊन आले, परत ठेवली. दुकानात एक ड्रायव्हर बसला होता, रस्त्यावर माणसं होती. चळवळीत मी हजार लोकांसमोर घोषणा दिल्या होत्या, पण तेव्हा जीभ इतकी जड झाली नव्हती.

“काका,” मी म्हटलं, “माझीपण झाली. साफ.”

ड्रायव्हर बाहेर बघायला लागला. काका वळले नाहीत. त्यांनी हवा भरलेली ट्यूब घमेल्यात बुडवली आणि पाण्याखाली हळूहळू फिरवली, एकदा, मग पुन्हा एकदा. बुडबुडा एकही येत नव्हता. तरी ते खाली वाकून बराच वेळ पाण्यात बघत राहिले.